परक्यांची घरे

दांडिया बाजारातील आमचा वडिलोपार्जित वाडा विकावा की राखावा, याचा विचार करण्यासाठी आम्ही जपानला गेलो होतो असे सांगितले, तर वाचक आम्हांला हसतील. वस्तुतः आम्ही गेलो होतो ते चिरंजीवांच्या आग्रहास्तव आणि नातीच्या ओढीने. चिरंजीव नोकरीनिमित्त काही वर्षांपासून सहकुटुंब ओसाकाला असतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता महिनाभर त्यांच्याकडे होतो. परंतु बडोद्याहून निघण्याच्या आदल्या रात्री धाकट्या बंधूंनी एक कागद हाती ठेवला होता. वाड्याच्या जागी सहा मजले उभे करू इच्छिणाऱ्या गृहस्थांच्या अटी त्यात होत्या आणि महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा होता. तो कागद पासपोर्टाच्या शेजारी ठेवूनच आम्ही समुद्र ओलांडला.

पहिले दोन आठवडे त्याचा उच्चारही झाला नाही. चिरंजीवांचे मत आम्ही जाणून होतो, आणि आमचे मत त्यांना ठाऊक होते. अशा वेळी शहाणी माणसे हवापाण्याविषयी बोलतात. तसेच आम्ही बोलत होतो.

एका रविवारी सूनबाईंनी बेत काढला. "बाबा, आज कोबेला जाऊ. तिथल्या कितानो भागात जुनी घरे आहेत. तुम्हांला आवडतील." सौ.नी पहाटे उठून दशम्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली. ओसाकाहून आगगाडीने अर्ध्या तासात सान्नोमिया स्थानक आले.

कोबे हे नगर डोंगर आणि दर्या यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले आहे. उत्तरेस रोक्कोची डोंगररांग, दक्षिणेस बंदर. त्यामुळे तेथील लोक दिशा सांगताना उत्तर-दक्षिण म्हणण्याऐवजी 'डोंगराकडची बाजू' आणि 'दर्याकडची बाजू' असेच म्हणतात. आम्ही डोंगराकडची वाट धरली. कितानोझाका नावाचा हा चढाचा रस्ता सरळ वर जातो. आमच्या गुडघ्यांची कुरकुर ऐकून नात दर शंभर पावलांवर थांबे आणि मागे वळून म्हणे, "आजोबा, अजून थोडंच!" हे 'थोडंच' पंधरा मिनिटे पुरले.

चढ संपताना तिने फलकावरचे शब्द आम्हांला वाचून दाखविले. जपानी तिची शाळेची भाषा. मराठी तिला समजते, बोलताही येते, पण वाक्याच्या मध्येच एखादा शब्द निसटतो. या घरांना 'इजिनकान' म्हणतात, असे तिने सांगितले. अर्थ विचारला तेव्हा थोडी अडखळली. "इजिन म्हणजे... बाहेरून आलेले लोक. वेगळे लोक. त्यांची मोठी घरं."

"म्हणजे परक्यांची घरे," सौ. म्हणाल्या.

अडीचशे वर्षांहून अधिक काळ बडोद्यात राहून आजही जुन्या गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडून 'दक्षिणी' ही उपाधी ऐकणाऱ्या आम्हांला त्या शब्दाने जरा जवळीक वाटली.

या परक्यांचा वृत्तांत असा. दोनशेहून अधिक वर्षे बाहेरच्या जगाशी जेमतेम संबंध ठेवणाऱ्या जपानने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आपली बंदरे एकामागून एक खुली केली. १ जानेवारी १८६८ रोजी कोबेचा क्रम लागला. व्यापाऱ्यांसाठी किनाऱ्याशी एक वसाहत आखून दिली होती, पण ती अपुरी पडू लागली. तेव्हा डोंगराकडच्या भागात परकीयांनी जपानी लोकांच्या शेजारी मिसळून राहावे, अशी मुभा देण्यात आली. वर मोकळी हवा होती आणि आपले जहाज बंदरात शिरताना खिडकीतून दिसे. जर्मन, इंग्रज, अमेरिकन अशा नाना देशांच्या मंडळींनी तेथे आपापल्या धर्तीची घरे बांधली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात त्यांपैकी पुष्कळ पाडली गेली आणि त्या जागी नव्या इमारती आल्या. १९७७ मध्ये 'काझामिदोरी' म्हणजे 'वातकुक्कुट' या नावाची एक मालिका जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर रोज सकाळी दाखविली गेली आणि कितानोकडे देशभरचे लोक लोटले. १९८० मध्ये हा भाग जतन करण्यायोग्य वास्तुसमूह म्हणून शासनाने नोंदविला. एखादी वस्तू नाहीशी होऊ लागली म्हणजेच तिचे मोल कळते, हा नियम तेथेही लागू आहे असे दिसते.

ज्या घरावरून त्या मालिकेला नाव मिळाले, ते वातकुक्कुटाचे घर चौकाच्या डोक्यावर उभे आहे. तांबड्या विटांच्या भिंती, उतरते छप्पर आणि शिखरावर वाऱ्याबरोबर फिरणारा धातूचा कोंबडा. १९०९ च्या सुमारास गॉटफ्रीड थॉमस या जर्मन व्यापाऱ्याने हे घर बांधविले, ते गेओर्ग दे लालान्द या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून. कितानोतील राखलेल्या घरांत बाहेरून विटांचे असे हे एकच.

खाली दिवाणखाना, भोजनगृह आणि अभ्यासिका. वर निजावयाच्या खोल्या. आम्ही दाराच्या मुठी आणि छताची लाकडे न्याहाळीत होतो. नात मात्र वरच्या मजल्यावरील एका खोलीशी थबकली. ती त्या घरच्या मुलीची खोली होती. मुलीचे नाव एल्झ. भिंतीवर त्या कुटुंबाची छायाचित्रे होती. तेथील माहिती नातीने आम्हांला वाचून दाखविली आणि जेथे शब्द अडला तेथे चिरंजीवांनी पुरविला.

१९१४ मध्ये मुलीच्या पुढील शिक्षणाची सोय लावण्यासाठी थॉमस कुटुंब जर्मनीस गेले. कायमचे नव्हे, परत येण्याच्या इराद्याने. तोच पहिले महायुद्ध पेटले. त्या ऑगस्टात जपानने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि कोबेचे घर शत्रूच्या देशात गेले. थॉमस पतिपत्नींना या घरात पुन्हा राहावयास मिळाले नाही. कित्येक दशकांनी एल्झ, आता वृद्धा झालेली, हे घर पाहण्यास आली. ज्या घराच्या जिन्यावरून ती लहानपणी धावली असेल, ते घर तोवर नगराचे प्रेक्षणीय स्थळ झाले होते.

"मग तिने तिची खोली मागितली नाही का?" नातीने विचारले.

"मागून काय करणार? तिचे आयुष्य दुसरीकडे गेले होते," चिरंजीव म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि लगेच खिडकीकडे वळले. त्या दिवसात वाड्याचा विषय पहिल्यांदा निघाला तो असा, त्याचे नावही न घेता.

तेथून जवळच दुसरे घर आहे. १९०३ मध्ये अमेरिकेचे महावाणिज्यदूत हंटर शार्प यांचे निवासस्थान म्हणून ते बांधले गेले. हे लाकडी, दुमजली आणि रंगाने फिकट हिरवे. जपानीत या रंगाला 'मोएगी' म्हणतात. मातीतून नुकत्या वर आलेल्या कोंभाचा तो रंग. मध्यंतरी कित्येक वर्षे हे घर पांढरे होते आणि लोक त्याला पांढरे घरच म्हणत. १९८७ च्या दुरुस्तीत मूळचा हिरवा रंग पुन्हा देण्यात आला. वरच्या मजल्यावरील काचबंद व्हरांड्यात उभे राहिले की खाली नगर दिसते आणि त्यापलीकडे समुद्र.

पण आमच्या मनात राहिली आहे ती त्या घराची बाग. बागेत जमिनीवर विटांचा एक मोठा ढिगाऱ्यासारखा खंड पडलेला आहे. प्रथम वाटले, काम अर्धवट टाकून गवंडी जेवायला गेले असावेत. मग कळले की, ते या घराचे धुराडे आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबेला जो भूकंप झाला, त्यात छपरावरची धुराडी कोसळली. त्या भूकंपाने ६,४३४ माणसांचा बळी घेतला. घर दुरुस्त झाले, छपरावर धुराडी पुन्हा आली. परंतु कोसळलेल्यांपैकी हे एक धुराडे आठवण म्हणून बागेत ठेवून दिले आहे.

२००१ च्या २६ जानेवारीची सकाळ आम्हा गुजरातनिवासी वाचकांपैकी कोण विसरेल? भूज कोठे आणि बडोदे कोठे. तरी त्या सकाळी आमच्या वाड्यातील हंड्या डोलल्या होत्या आणि मधल्या चौकाच्या भिंतीला तडा गेला होता. आम्ही दुसऱ्याच आठवड्यात गवंडी बोलावून तो लिंपून घेतला. पाहुण्यांना दिसू नये, एवढीच त्यात बुद्धी. त्या धुराड्यापुढे उभे असताना तो तडा आठवला, आणि तो भिंतीवर नेमका कोठून कोठवर गेला होता हे काही केल्या आठवेना.

दोन घरे पाहून झाल्यावर चौकात बसलो. तेथे वाद्ये वाजविणाऱ्या माणसांचे ब्राँझचे पुतळे आहेत. त्यांच्या सोबतीने दशम्या खाल्ल्या. जपानात रस्त्याने कचऱ्याच्या पेट्या फारशा नसतात. आपला कचरा आपण घरी न्यावयाचा. सौ.नी डबे पुसून, कागद घडी करून पिशवीत ठेवले आणि नातीला म्हणाल्या, "तुझी पणजी असेच करायची." हा एक संस्कार बडोदे आणि ओसाका यांच्यात समान निघाला.

दुपारी पायऱ्या चढून कितानोच्या तेन्मान देवस्थानात गेलो. ११८० मध्ये सेनापती ताइरा नो कियोमोरी याने राजधानी काही काळ क्योतोहून या परिसरात आणली, तेव्हा क्योतोच्या कितानो देवालयावरून येथे हे ठाणे स्थापिले गेले असे सांगतात. गावभागाला कितानो हे नाव त्यावरूनच आले. म्हणजे हा देवही बाहेरून आलेला. तो विद्येचा देव आहे. नातीने त्याच्यापुढे हात जोडून बराच वेळ काही मागितले. गणिताचे काही असावे. देवळाच्या अंगणातून थॉमसच्या घराचे छप्पर आणि त्यावरील कोंबडा अगदी समोर दिसतो.

उतरताना आम्ही वाट बदलली आणि अवचित एका संगमरवरी मंदिरापुढे आलो. शिखर, खांब, कोरीव काम, सारे आपल्याकडचे. हे भगवान महावीरांचे मंदिर. १९८५ मध्ये उभारले गेलेले, जपानातील पहिले जैन मंदिर. दगड भारतातून आणलेला. कोबेस मोत्यांच्या व्यापारासाठी आलेल्या जैन कुटुंबांनी ते बांधविले. जपानच्या समुद्रातील मोती कोबेस येतात आणि तेथे निवडले, प्रतवारी लावून ओवले जातात. रोक्कोच्या डोंगरावरून परतणारा उत्तरेचा मऊ प्रकाश त्या कामास फार अनुकूल, अशी तेथे ख्याती आहे.

भारत आणि कोबे यांचे नाते याहून जुने आहे. १८९३ मध्ये जमशेदजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पॉन यूसेन या कंपनीने मुंबई आणि जपान यांच्या दरम्यान नियमित बोटी सुरू केल्या. आपल्याकडचा कापूस त्यांतून जपानच्या गिरण्यांकडे जाई. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाल्यावर तेथील कित्येक भारतीय व्यापारी कोबेस येऊन राहिले. याच टेकडीच्या पायथ्याशी १९३५ मध्ये उघडलेली जपानची पहिली मशीद आहे. तिच्या उभारणीतही भारतीय व्यापाऱ्यांचा हातभार होता. १९४५ च्या बॉम्बवर्षावातून आणि १९९५ च्या भूकंपातून ती वाचली आणि आजही तेथे नमाज होतो.

मंदिराच्या पायरीवर एक वृद्ध बाई जोडे घालीत होत्या. आमच्याकडे पाहून त्यांनी सहज गुजरातीत विचारले, "तमे क्यांथी आव्या?"

"वडोदराथी," आम्ही म्हणालो.

"ओहो! त्यारे तो घरना ज कहेवाय!"

आम्ही मराठी आहोत, हे सांगितल्यावरही त्यांच्या हिशेबी आम्ही घरचेच राहिलो. सौ. आणि त्या पाऊण तास बोलत होत्या. त्यांचे लग्न होऊन त्या कोबेस आल्या, त्याला अर्धे शतक होत आले. मुले येथेच वाढली. घर दोनदा बदलले. १९९५ नंतर तर पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागले. सौ.नी विचारले, "गावाकडचे घर आहे ना?" त्या म्हणाल्या, "ते विकले. पण सणाला काय करायचे, ते विकता येत नाही ना." हे बोलून त्या हसल्या. त्यांची नात बाहेर वाट पाहत उभी होती. तिने आजीला जपानीत काही सांगितले आणि आजीने गुजरातीत उत्तर दिले. दोघींना त्यात काही विशेष वाटले नाही.

परतीच्या गाडीत आम्ही पिशवीतून तो कागद काढला आणि चिरंजीवांच्या हाती दिला. आता न बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांनी तो शांतपणे वाचला.

"बाबा, खरे सांगू? मी परत येऊन वाड्यात राहीन, असे वचन मी देऊ शकत नाही. काकांचीही मुले पुण्याला. तुम्ही आहात तोवर तुम्ही दिवा लावाल. पुढे कुलूप लागेल. कुलूप लावलेले घर तुम्हांला चालेल का?"

आम्हांला राग यावयास हवा होता. आला नाही. त्या दिवशी आम्ही दोन घरे पाहिली होती. एका नगराने पैसा आणि कौशल्य ओतून राखलेली. दाराच्या मुठी चकचकीत, जिना भक्कम. पण सायंकाळी शेवटचा प्रेक्षक गेला की त्यांना बाहेरून कुलूपच लागते. आमच्या वाड्यासाठी तर असे नगरही पुढे येणार नव्हते. उलट, त्या पायरीवरील बाईंजवळ जुने घर नव्हते, आणि तरी त्यांच्याजवळ काही कमी आहे असे आम्हांला वाटले नव्हते. एवढे कळूनही गळ्याशी आवंढा आला, हे नाकारीत नाही. वडिलांनी ज्या ओटीवर प्राण सोडला, ती ओटी कागदावरच्या चौरस फुटांत धरलेली होती.

आमचे बोलणे नातीने ऐकले होते. तिने थॉमसच्या घरातून आणलेले माहितीपत्रक उलटे केले, पेन्सिल काढली आणि म्हणाली, "आजोबा, आपल्या घरात किती खोल्या आहेत? मला काढून दाखवा ना."

आम्ही ओटी काढली, मधला चौक काढला, विहीर काढली. देवघर काढताच सौ. म्हणाल्या, "अहो, देवघर जिन्याच्या उजव्या हाताला. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तेथे दिवा लावते आहे." आम्ही खोडले. स्वयंपाकघराला खिडक्या दोन की तीन, यावर ओसाका येईपर्यंत वाद चालला. साठ-सत्तर वर्षे ज्या घरात काढली, ते कागदावर उतरविताना आमचे हात अडत होते. नातीने प्रत्येक खोलीत नाव लिहिले. 'माजघर' म्हणजे काय, असे तिने विचारले. जपानीत त्याला शब्द सापडेना, तेव्हा सौ.नी सांगितले, "जिथे बायका बसतात, मुले निजतात आणि पाहुणा सहसा जात नाही, ती जागा." तिने देवनागरीतच 'माजघर' लिहिले. 'झ' काढला होता. आम्ही दुरुस्त केला नाही. उच्चाराला तोच जवळचा होता.

महिनाअखेर बंधूंना होकार कळविला. मात्र एक अट घातली: सामान हलविण्यापूर्वी दोन महिने हवेत. त्या दोन महिन्यांत आम्ही आणि बंधू टेप घेऊन वाडा मोजला. प्रत्येक खोलीचे छायाचित्र घेतले. कोणत्या खोलीत कोण जन्मले, कोण वारले, कोणत्या कोनाड्यात कोणाचा तांब्या असे, हे ऐंशी उलटलेल्या आत्याबाईंना विचारून वहीत लिहून काढले. चौकातील भिंतीचा तो लिंपलेला तडा त्यांनी बोट ठेवून दाखविला. आम्ही वरचा गिलावा खरवडून काढला, तडा उघडा केला आणि त्याचेही छायाचित्र घेतले. २०२४ मध्ये वाडा गेला. दाराच्या चौकटीवरील गणेशपट्टी तेवढी उतरवून आणली आहे. ती आता आमच्या दोन खोल्यांच्या सदनिकेच्या दारावर, आकाराने जरा मोठीच दिसते.

रावपुरा, दांडिया बाजार, किंवा इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या पेठांतून राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा कागद येऊन पडला असेल. होकार द्यावा की नकार, हे सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही. एवढेच सुचवितो की, सही करण्यापूर्वी घरातील सर्वांत वडील आणि सर्वांत लहान माणसांना एका पाटावर बसवावे, पुढे कोरा कागद ठेवावा आणि घराचा नकाशा काढावा. देवघर कोठे होते, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा.

नातीने काढलेला नकाशा ओसाकाला तिच्या अभ्यासाच्या मेजासमोर लावलेला आहे. मागच्या बाजूला थॉमसचे घर आहे, कोंबड्यासकट. गेल्या दिवाळीत तिने फोनवर विचारले, "आजोबा, विहिरीला पाणी होते का?" होते, आम्ही सांगितले, आणि उन्हाळ्यात किती खाली जात असे, तेही सांगितले.